कार्बन क्रेडिटच्या झाडांचे एकरी १२ हजार खरंच मिळतात का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं ते असं, चुकलं असेल तर दुरुस्त करा. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्याला साडेतीन एकर कोरडवाहू, त्यातली दोन एकर बरी आणि बाकी मुरमाड. सातबारा वडील आणि दोन चुलत्यांच्या नावावर सामाईक. गावात एका कंपनीचा माणूस आला, रोपं फुकट देतो म्हणाला, करार ३० वर्षांचा, आणि कार्बन क्रेडिटचे वर्षाला एकरी १२ हजार मिळतील असं तोंडी सांगितलं. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सही करू का, असं तुम्ही विचारताय.

मी सतरा-अठरा वर्षं पाणलोट आणि झाडांच्या कामात आहे, त्यातली शेवटची आठ वर्षं कार्बन प्रकल्पांसाठी शेतकऱ्यांच्या बांधावर टेप घेऊन झाडांचे घेर मोजतोय. म्हणजे हे पैसे कुठून येतात, कुठे मुरतात आणि शेतकऱ्यापर्यंत किती पोचतात हे जवळून बघितलंय. मी या प्रकल्पांच्या विरोधात नाही, काही ठिकाणी खरंच चांगलं काम झालंय. पण एकरी १२ हजार हा आकडा तुमच्या जमिनीवर शक्य नाही, आणि तो का शक्य नाही हे तुम्हाला स्वतःला मांडता आलं पाहिजे, म्हणजे उद्या दुसरा माणूस ९ हजार सांगत आला तरी फसणार नाही.

एक क्रेडिट म्हणजे हवेतून कमी केलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, आपल्या धुराची भरपाई म्हणून मोठ्या कंपन्या तो विकत घेतात. झाड हवेतून तो ओढून लाकडात साठवतं, म्हणून सगळा हिशेब लाकडाच्या वजनावर चालतो, झाडांच्या नगावर नाही. समजा तुमच्या बांधावर दहा वर्षांचं एक झाड आहे, छातीएवढ्या उंचीवर घेर दोन फूट. हलक्या कोरडवाहू जमिनीत दहा वर्षांत दोन फूट घेर म्हणजे झाड चांगलं वाढलं म्हणायचं. त्याचं जमिनीवरचं सुकं वजन साधारण १०० किलो धरा, मुळांचं २५ किलो, झाले १२५. त्यातला जवळपास निम्मा, हिशेबाला ४७ टक्के, कार्बन, म्हणजे ५९ किलो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणायचं, की २१५ किलोच्या आसपास येतात. म्हणजे अशी पाच झाडं दहा वर्षं सांभाळली तेव्हा कुठे एक क्रेडिट तयार झालं.

आता तुमच्या दोन एकराच्या कडेनं बांध साधारण ३६० मीटर भरतो, त्यावर बारा-बारा फुटांवर १०० झाडं बसतील. शंभरातली ७० जगली असं धरतो (कोरडवाहूत ७० जगवणारा शेतकरी मेहनतीच असतो, मी ३० वर आलेले बांध पण मोजलेत). ७० झाडांचे दहा वर्षांत १५ टन. त्यातले १० ते २० टक्के 'बफर' म्हणून बाजूला ठेवतात, म्हणजे पुढे कुठे वणवा लागला किंवा झाडं मेली तर भरपाई त्यातून व्हावी म्हणून, ती क्रेडिटं विकायची नसतात. राहिले १२ टन. भाव टनाला १,२०० रुपये धरू आणि कंपनी ५० टक्के देते असं धरू, तर तुमच्या हातात ६०० रुपये टन, म्हणजे दहा वर्षांत ७,२००. वर्षाला ७२० रुपये. एकरी नाही, १०० झाडांचे मिळून.

भाव दुप्पट धरा, हिस्सा ७० टक्के करा, तरी वर्षाला दोन हजार होतात. एकरी १२ हजार यायला ६०० रुपये टनानं एकरी वीस टन दरवर्षी लागतील, म्हणजे हेक्टरी जवळपास पन्नास. पूर्ण एकर दाट लागवडीनं भरला, पाणी दिलं, तरी मुरमाड जमिनीत एकरी दोन-तीन टन आले तर मी खूश होतो. त्या माणसाला हा हिशेब समोर बसवून करायला सांगा, कागदावर. कुठला टन, कुठला भाव, किती झाडं, हे लिहून मागा. चिडला तर तिथेच उत्तर मिळालं.

बरं, भाव हा तुमच्या-माझ्या हातात नाहीच. मी ज्या प्रकल्पांत काम केलं तिथे झाडांच्या क्रेडिटला १० डॉलरच्या आतबाहेर पासून ३० डॉलरपर्यंत भाव मिळालेला पाहिलाय. कांद्यासारखंच आहे, फक्त बाजार समिती दिसत नाही. २०२३ च्या जानेवारीत परदेशी वर्तमानपत्रांनी जंगल वाचवण्याच्या क्रेडिटांवर मोठी शोधबातमी केली, त्यातली बरीचशी क्रेडिटं पोकळ आहेत असा तिचा निष्कर्ष होता, तर त्यानंतर झाडं लावणारे प्रकल्प वेगळे असूनसुद्धा खरेदीदार सगळ्यांकडेच संशयानं बघायला लागले. तुमच्या बांधावरच्या कडुलिंबाचा त्यात काहीच दोष नव्हता.

शेतकऱ्याला हिस्सा किती हे प्रकल्पाप्रकल्पावर आहे. युगांडात २००३ पासून छोट्या शेतकऱ्यांचा एक प्रकल्प चाललाय, त्यात विक्रीच्या ६० टक्के शेतकऱ्याला. नेदरलँड्सच्या राबोबँकेच्या एकॉर्न कार्यक्रमात ८० टक्के. आपल्याकडे मी ३० पासून ७५ पर्यंत लिहिलेलं पाहिलंय. पण 'कशाचे टक्के' हे बघा, विक्रीच्या रकमेचे की 'सर्व खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे'. नोंदणी, मोजणी, बाहेरच्या ऑडिटरची तपासणी यांचा खर्च लाखांत जातो, म्हणूनच कंपन्यांना हजारो शेतकरी एकत्र लागतात. तो सगळा खर्च आधी काढून मग उरलेल्याचे ७५ टक्के म्हणजे काहीच नाही असंही होऊ शकतं. एकूण विक्रीचे ४० टक्के त्यापेक्षा बरे.

आता ज्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही तो सांगतो. बांधावरचं झाड चार-पाच वर्षांचं झालं की आतल्या तीन मीटर पट्ट्यात सावली आणि मुळं दोन्हीचा त्रास सुरू होतो. ३६० मीटर बांध गुणिले तीन मीटर म्हणजे दहा-साडेदहा गुंठे. त्यात सोयाबीन चौथाईनं घटलं तर अडीच गुंठ्यांचं पीक गेलं. कोरडवाहूत एकरी ६ क्विंटल धरलं तर ३७-३८ किलो, ४५ रुपये किलोनं सोळा-सतराशे रुपये. दरवर्षी. कार्बनचे ७२० आणि सोयाबीनचे गेले १,६००. छाटणी नीट केली, झाड सरळ वाढणारं असलं तर हा तोटा निम्म्यावर आणता येतो, पण शून्य होत नाही. आणि रब्बीत सूर्य दक्षिणेकडे असतो, सावली उत्तरेला पडते, म्हणजे तुमच्या उत्तरेच्या बांधावरच्या झाडांची सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर. बांधावरून आधीच बोलणं बंद असेल तर त्या बाजूला झाडं लावूच नका.

दुसरा खर्च पाण्याचा, आणि तुमच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा आहे. पहिले दोन उन्हाळे जानेवारी ते मे रोपाला पाणी घालावं लागतं, आठवड्याला एकदा तरी. नेमकं तेव्हा आई-वडील कारखान्याच्या फडावर असतात. मग पाणी कोण घालणार? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यातला एक माणूस मागे राहिला तर अर्धा कोयता झाला, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) तेवढी कमी. शंभर रोपांसाठी अर्ध्या कोयत्याची कमाई सोडणं हे कुठल्याच कार्बनच्या पैशात बसत नाही, मी हिशेब करून पाहिलाय. रोपं फुकट मिळाली याचा आनंद लोकांना होतो, पण रोप ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. खड्डा, काट्याचं कुंपण, पाणी, शेळ्यांची राखण, मेलेल्यांच्या जागी नांग्या भरणं, हे सगळं तुमच्या अंगावर येतं.

मग लोक लावतात तरी का? हे नीट समजून घेतलं तर तुमचा निर्णय सोपा होईल असं मला वाटतं. झाडाचा पैसा लाकडात, फळात, चाऱ्यात असतो. आमच्या भागात वखारीत ओलं जळण किलोला ३-४ रुपयांनी घेतात. तेच दोन फूट घेराचं झाड ओलं असताना पावणेदोनशे किलो भरतं, म्हणजे नुसतं सरपण म्हणून विकलं तरी पाच-सहाशे रुपये. त्याच झाडाचे कार्बनचे दहा वर्षांत १०० रुपये. आणि कोरडवाहू घरात झाडाचा खरा उपयोग हाच आहे की ते अडीनडीला तोडता येतं. दुष्काळ पडला, कुणाचं ऑपरेशन निघालं, मुलीचं लग्न ठरलं, की बांधावरचे चार लिंब, दोन बाभळी निघतात. सावकाराकडे जायच्या आधीचा तो आधार आहे, त्याला व्याज लागत नाही, कोणाची सही लागत नाही. ३० वर्षांच्या करारात तुम्ही नेमका हाच आधार गहाण टाकताय. वर्षाला झाडामागे १० रुपयांसाठी. म्हणून करारात तोडणीबद्दल काय लिहिलंय हे मी सगळ्यात आधी वाचतो, टक्केवारी नंतर.

काही करारांत तोडणीला परवानगी असते. पण मग क्रेडिट कमी मिळतात, कारण झाड वाढतं-तुटतं-परत लावलं जातं अशा शेतात सरासरी किती साठा राहतो तेवढ्याचीच क्रेडिट देतात. सहा-सात वर्षांत तोडायचं मिलिया डुबिया लावून 'दर तोडीला लाकूड पण आणि पूर्ण कार्बन पण' असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. आणि तोडणीचा सरकारी नियम वेगळाच, महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याप्रमाणे साग, आंबा, जांभूळ, फणस, खैर अशी यादीतली झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी घेऊनच तोडायची. बांबूचं मात्र २०१७ पासून वेगळं झालं, वनक्षेत्राबाहेरचा बांबू केंद्राच्या वन कायद्यात आता झाड धरत नाहीत.

आता चांगली बाजू. माझ्या मते हे प्रकल्प एकाच परिस्थितीत छोट्या शेतकऱ्याच्या कामाचे आहेत: पहिल्या तीन वर्षांचा रोख खर्च कंपनी करत असेल तर. गरीब शेतकरी झाडं लावत नाही ते त्याला फायदा कळत नाही म्हणून नाही, पाच-सात वर्षं थांबायला आणि मधल्या काळात पाणी घालायला त्याच्याकडे पैसा नसतो म्हणून. हे आपल्याकडे जुनंच शहाणपण आहे, मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याला आदिवासी शेतकऱ्यांबरोबर वाडी सुरू केली, एकरभरात आंबा-काजू, कडेनं जंगली झाडं, तेव्हा कार्बनचा बाजार नव्हताच. ती चालली कारण सुरुवातीच्या वर्षांत मदत मिळाली आणि नंतर आंब्यानं स्वतः पैसे दिले. पुढे नाबार्डनं तेच अनेक राज्यांत नेलं. कार्बनचा पैसा त्या सुरुवातीच्या मदतीच्या जागी बसला तर उत्तम. आठव्या-दहाव्या वर्षी मिळणारे टक्के म्हणून बसला तर त्यात फार अर्थ नाही, कारण बचत गटात महिन्याला १ टक्क्यानं उचललेले पैसे सहा वर्षांत दुपटीला जातात, म्हणजे सहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये तुमच्या दृष्टीनं आजचे पन्नासच. मी कंपनीशी बोलताना म्हणतो, मागचा हिस्सा थोडा कमी चालेल, पण पहिली तीन वर्षं दर जिवंत झाडामागे दर वर्षी ३०-४० रुपये द्या, मोजून द्या. जी कंपनी याला तयार होते तिला झाडं जगवण्यात खरा रस आहे असं मी समजतो, कारण झाड मेलं तर तिचाही पैसा बुडतो.

अकोले तालुक्यात एका गावात असंच झालं होतं. तिथे बायकांच्या गटानं राखणीचे पैसे आधी ठरवून घेतले, मग रोपं उतरवली. तीन वर्षांनी मी मोजायला गेलो तेव्हा शंभरातली ऐंशीच्या वर उभी होती. आणि त्याच्या उलट दुसऱ्या एका जिल्ह्यात कंपनीनं रोपं आणली ती ऑगस्टच्या शेवटी, तीही पिशवीत मुळं गुंडाळलेली, दिवाळीपर्यंत निम्मी गेली. दोन वर्षांनी कंपनीनं तो प्रकल्प दुसऱ्याला विकला, गावात कोणी फिरकेना. पण करारात 'या जमिनीवरचे कार्बनचे हक्क ३० वर्षं आमचेच' असं कलम होतं, त्यामुळे पुढे एक बरी संस्था आली तिला त्या शेतकऱ्यांना घेता येईना, एकच जमीन दोन प्रकल्पांत दाखवता येत नाही. त्या गावातल्या लोकांच्या सह्या घेताना मीही तिथे बसलो होतो, ते कलम मी तेव्हा वाचलं नव्हतं. अजून मला त्याचं वाईट वाटतं, म्हणूनच तुम्हाला एवढं लांबड लावून सांगतोय. करारात हे पाहिजेच की दोन वर्षांत ठरलेलं काम किंवा पैसे आले नाहीत तर करार आपोआप संपला, हक्क परत.

तुमच्या सातबाऱ्याचं काय, तर सामाईक क्षेत्र असेल तर तिन्ही भावांची संमती लागते, एकट्या वडिलांच्या सहीवर कुठलीही नीट कंपनी पुढे जाणार नाही, आणि जात असेल तर तीच काळजीची गोष्ट. आधी आपसात वाटणी करून घ्या, निदान कोणाचा बांध कुठला हे लेखी ठरवा. ३० वर्षांत वारस लागतील, कोणाला जमीन विकावी लागेल, बँकेचं कर्ज काढावं लागेल. जमीन विकली तर झाडांची जबाबदारी कोणाची, 'इतर हक्क'मध्ये काही नोंद करणार का, हे विचारून घ्या. नोंद करणार म्हणाले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

अजून दोन गोष्टी, कारण यावर खूप गोंधळ आहे. आधीपासून उभी असलेली झाडं धरत नाहीत, नवीनच लागतात, आणि जुनी झुडपं साफ करून तिथे नवी लावली तर ती जमीन बाद होऊ शकते, तेव्हा त्या मुरमाड दीड एकरावरची बोरी-बाभळी कोणाच्या सांगण्यावरून काढू नका. आणि सरकारची ग्रीन क्रेडिट योजना, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, ती वेगळी आहे, तिच्यातली वृक्षलागवड वनखात्याच्या उजाड जमिनींवर सुरू झाली, तुमच्या बांधाशी तिचा संबंध नाही. केंद्राची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीमही २०२३ ची, आणि कृषी मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढला. म्हणून 'सरकारी योजना आहे' असं तो माणूस म्हणाला असेल तर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिटांची नोंदणी करणाऱ्या संस्था आहेत, दोघांच्याही यादीत प्रकल्प कोणालाही बघता येतात, मोबाईलवर, फुकट.

तर तुमच्या जागी मी काय करीन. या पावसाळ्यात सही करणार नाही. दोन एकराच्या बांधावर शंभर नाही, पंचवीसच झाडं लावीन, तीही घरापासून किंवा विहिरीपासून हंड्यानं पाणी नेता येईल एवढ्या अंतरावर. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पाणी कमी लागतं, शेळी त्याचा पाला खात नाही, म्हणून मुरमाड तुकड्यात सीताफळ. कार्बनच्या दृष्टीनं सीताफळ बारकं झाड, कंपनीवाला नाक मुरडेल, त्याला जाड बुंध्याचं झाड हवं असतं. पण चौथ्या-पाचव्या वर्षी फळ तुमच्या पाटीत पडेल. दक्षिणेच्या बांधावर दोन-चार चिंचा आणि लिंब, बाकी नाही. पश्चिमेला शेवगा चालेल, पण तो कार्बनसाठी नाही, घरासाठी. रोजगार हमीतून फळबागेला मदत मिळते का ते कृषी सहायकाला विचारा, सध्याचे नियम काय आहेत ते तोच सांगेल, आणि तिथून मदत घेतली तर नंतर तीच झाडं कार्बन प्रकल्पात धरतात की नाही हे कंपनीकडून लेखी घ्या.

ही पंचवीस एका उन्हाळ्यातून निघाली तर तुमच्या घरात झाडं जगवायला माणूस आहे हे सिद्ध झालं, मग कंपनीशी बोलायला तुम्ही रिकाम्या हातानं जाणार नाही. कार्बनचे पैसे शून्य आले तरी हे झाड मला परवडतंय का, एवढं प्रत्येक जातीला विचारायचं. परवडत असेल तर वरचे पैसे आनंदानं घ्या.

चुलत्यांशी बोलणं झालं की कळवा. आणि विहिरीला मार्चमध्ये किती परस पाणी असतं, ती किती लांब आहे आणि तोडीच्या दिवसांत घरी कोण कोण असतं तेही लिहा, म्हणजे रोपं किती आणि कुठे ते नक्की सांगता येईल. कराराची प्रत मिळाली तर तोडणीचं आणि हक्कांचं अशी दोन कलमं जशीच्या तशी टाइप करून टाका, नावं काढून, मी वाचून सांगतो.